टांकसाळीतील रंगरूट

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेळगावच्या श्रोत्यांना ‘रंगरूट’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कॅम्पाच्या रस्त्यावरून पहाटे धावत जाणारी तुकडी, आणि सुट्टीच्या दिवशी बाजारात दोघातिघांच्या घोळक्याने हिंडणारी, केस बारीक कापलेली, नव्या बुटांत अवघडलेली मुले हे या गावाचे नित्याचे दृश्य आहे. मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र १९२२ साली येथे स्थिरावले, तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी हे दृश्य पाहिले. आपण त्या मुलांकडे पाहतो, क्षणभर कौतुक वाटते आणि आपण पुढे जातो. पण पाहिल्या जाणाऱ्या त्या मुलाला काय वाटत असते? पहिल्या आठवड्यातच त्याचे नाव मागे पडते आणि क्रमांक पुढे येतो. त्याची खाट, त्याची पेटी, त्याच्या बुटांची चकाकी, फार काय, त्याची हनुवटीसुद्धा दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून दिवसातून अनेकदा जाते. या अनुभवाचे प्रामाणिक लेखन मराठी वाचकाच्या हाती क्वचितच येते. सेनापतींची चरित्रे कपाटे भरून असतात. रंगरुटाच्या आठवणी मात्र बहुधा माजघरातील गप्पांतच विरून जातात.

योगायोग असा की, ज्या वर्षी हे केंद्र बेळगावी आले त्याच १९२२ सालच्या ऑगस्टअखेरीस लंडनमध्ये एक माणूस भरतीकचेरीच्या दारासमोर घुटमळत उभा होता. आत जावे की न जावे या विवंचनेत त्याने त्या रस्त्यावर येरझारा घातल्या. भीतीने त्याचे पोट बिघडले होते. त्याने आपले नाव जॉन ह्यूम रॉस असे सांगितले, वय अठ्ठावीस सांगितले. दोन्ही खोटे होते. तो चौतीस वर्षांचा होता आणि त्याचे नाव टी. ई. लॉरेन्स होते. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांनी केलेल्या उठावात मोठी कामगिरी बजावलेला, कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेला, चर्चिलचा सल्लागार म्हणून वसाहत खात्यात बसलेला हा मनुष्य हवाई दलात सर्वांत खालच्या पायरीवर साधा शिपाई म्हणून भरती होऊ पाहत होता.

लॉरेन्सचे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कुत येथे जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली, तेव्हा १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत आले, घोडे मारून खाण्याची वेळ आली आणि ते मांस खावे की न खावे हा धर्मप्रश्न हिंदी शिपायांपुढे उभा राहिला. १९१६ च्या एप्रिलअखेरीस तुर्की सेनापती खलील पाशा याच्याशी बोलणी करून, पैसे देऊन या फौजेची सुटका करून घेता येते का हे पाहण्यासाठी जे मोजके अधिकारी पाठविण्यात आले, त्यांत तरुण लॉरेन्स होता. पाशाने देकार नाकारला. फौज शरण गेली आणि कैदेत असंख्य शिपाई दगावले. त्या पलटणींतील कोणाचा नातू-पणतू आजच्या सभेतही बसलेला असू शकेल. लॉरेन्सच्या आयुष्यात कुतचे प्रकरण अवघ्या काही दिवसांचे. परंतु आपल्या बाजूने पाहता त्याची ओळख तेथूनच सुरू होते.

असा मनुष्य रंगरूट का झाला, याची उत्तरे चरित्रकारांनी अनेक दिली आहेत. अरबांना दिलेली वचने पाळली गेली नाहीत याची टोचणी, युद्धाने शिणलेले मन, तुर्कांच्या कैदेत झालेली विटंबना, पुस्तकासाठी विषय हवा ही लेखकाची हाव, ही सारी कारणे मांडली जातात आणि त्या सर्वांत तथ्य आहे. परंतु आजच्या विषयाशी निगडित कारण वेगळेच आहे. १९१९ च्या ऑगस्टात लॉवेल थॉमस नावाच्या अमेरिकन पत्रकाराने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये पडद्यावर चित्रे व चलच्चित्रे दाखवून पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर व्याख्याने देण्यास आरंभ केला. लोकांची रीघ लागली. थोड्याच काळात पांढरा अरबी झगा घातलेला लॉरेन्स हा त्या खेळाचा नायक होऊन बसला आणि लाखो लोकांनी त्याला पडद्यावर पाहिले. आपल्या भाषेत सांगायचे तर एका जिवंत माणसाचा पोवाडा त्याच्याच देखत रोज दोनदा गायिला जाऊ लागला. ज्या भरतीकचेरीसमोर तो तीन वर्षांनी घुटमळत उभा राहिला ती हेन्रिएटा स्ट्रीटवरची कचेरी याच कॉव्हेंट गार्डन भागात होती. जेथे त्याचे नाव गाजले तेथून हाकेच्या अंतरावर तो ते टाकून देण्यासाठी गेला.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे, नाहीतर चित्र फार भाबडे होईल. थॉमसचे म्हणणे असे की, लॉरेन्स त्या प्रेक्षागृहात गुपचूप येऊन स्वतःवरचा तो खेळ अनेकदा पाहून गेला. प्रसिद्धीचा त्याला तिटकारा होता हे खरे, आणि तिचे त्याला आकर्षण होते हेही खरे. पाहिले जाणे नको असणे आणि आपण कसे दिसतो हे पाहण्याचा मोह न सुटणे या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. लॉरेन्सला ढोंगी ठरवून मोकळे होणाऱ्या टीकाकारांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

भरतीकचेरीतील अधिकारी होता डब्ल्यू. ई. जॉन्स. पुढे ‘बिगल्स’ या वैमानिक नायकाच्या कथा लिहून मुलांचा लाडका लेखक झाला तोच हा. जॉन्सने नंतर सांगितल्याप्रमाणे, त्याला या उमेदवाराची कागदपत्रे खोटी वाटली आणि त्याने त्याला परत पाठविले. पण थोड्याच वेळात वरून हुकूम आला की, यास घ्यावयाचेच आहे. वैद्यकीय तपासणीतही अडचण आली. अंग खंगलेले होते आणि पाठीवर जुने वळ होते. डॉक्टरांचे लक्ष त्या वळांकडे जाणे अपरिहार्यच होते. कपडे काढून उभ्या असलेल्या माणसाची ती पहिली तपासणी. जे लपविण्यासाठी तो आला होता ते पहिल्याच दिवशी दिव्याखाली आले. शेवटी क्रमांक ३५२०८७ चा शिपाई रॉस लंडनजवळच्या अक्सब्रिज येथील छावणीत दाखल झाला.

तेथील आठवणींचे पुस्तक म्हणजे ‘द मिंट’, अर्थात ‘टांकसाळ’. नाव समर्पक आहे. टांकसाळीत धातू वितळवितात, चकत्या पाडतात आणि प्रत्येकीवर एकच ठसा उमटवितात. नाण्याला स्वतःचा चेहरा नसतो, राजाचा असतो. लेखक म्हणून पुस्तकावर नाव आहे तेही क्रमांकासह ‘रॉस’ असेच, आणि उपशीर्षकात म्हटले आहे की, या नोंदी १९२२ च्या ऑगस्ट ते डिसेंबरात छावणीत व १९२५ साली कॅडेट कॉलेजात केलेल्या असून १९२७-२८ मध्ये कराची येथे त्या पुन्हा लावून उतरून काढल्या आहेत. कराचीचा विषय पुढे येईलच.

पुस्तकात युद्ध नाही, शौर्य नाही. केर आणि खरकटे गोळा करणारी गाडी आहे. डुकरांची जागा धुऊन काढण्याचे काम आहे. स्वयंपाकघरातील चिकट भांड्यांचे ढीग आहेत. रंगरुटांना पहिले काही आठवडे कवायतीपेक्षा ही हमाली अधिक, आणि लॉरेन्सच्या मते तिचा उद्देश स्वच्छता हा नसून माणसाची स्वतःविषयीची कल्पना घासून बोथट करणे हा आहे. चौतीस वर्षांचे, पूर्वी हाडे मोडलेले शरीर सकाळच्या व्यायामात कापते, धाप लागते, आणि शेजारचा अठरा-वीस वर्षांचा पोरगा सहज उड्या मारीत असतो. बराकीत खाटांच्या दोन रांगा. रात्री दिवा विझल्यावर घोरणे, कण्हणे, स्वप्नात बरळणे हे सारे समुदायाने चाललेले. शिव्या इतक्या की त्यांना अर्थच उरत नाही. ती केवळ बोलण्याची लय होते. लॉरेन्सने त्या जशाच्या तशा लिहिल्या आणि त्यामुळेच हे पुस्तक छापण्याची कित्येक वर्षे कोणाची छाती झाली नाही.

रंगरुटाच्या आयुष्यातील सर्वांत जाचक गोष्ट कोणती? श्रम नव्हे, अन्न नव्हे, शिव्याही नव्हेत. या पुस्तकाच्या वाचकाला हळूहळू उमगते की, ती गोष्ट आहे नजर. तपासणीच्या वेळी ताठ उभे राहायचे आणि समोरचा आपल्याला पाहत असताना आपण मात्र त्याला पाहायचे नाही, डोळे त्याच्या आरपार शून्यात लावायचे. माणूस आणि वस्तू यांतला भेद नेमका येथे आहे. माणूस उलटून पाहतो. वस्तू नुसती पाहिली जाते. कवायत शिकविणारा अधिकारी एखाद्यालाच हेरतो आणि मग त्याचे एकट्याचे हाल सुरू होतात. म्हणून जुने शिपाई नव्या पोराला सांगत असतात की, रांगेत मधोमध उभा राहा, पुढे नको नि मागेही नको. लॉरेन्सचा उच्चार सुशिक्षित, शरीर बुटके, वय जास्त. मधोमध उभे राहूनही तो डोळ्यांत भरे, आणि अधिकाऱ्याला संशय येई की, हा आपल्याला मनातल्या मनात हसतो आहे.

छावणीच्या प्रमुखाचे पुस्तकातील चित्र अंगावर काटा आणणारे आहे. युद्धात शरीर मोडलेला, वेदनेने चिडका झालेला तो अधिकारी रंगरुटांवर सतत डोळा ठेवून असतो. त्याच्या निव्वळ येण्यानेच मैदान गोठते. एक दिवस त्याची कुत्री साखळी ओढतात, तोल जाऊन तो जमिनीवर पडतो. भोवतालचे रंगरूट ते पाहत उभे राहतात. कोणी पुढे होत नाही. रोज पाहिले जाणारे डोळे आज पाहत आहेत. लॉरेन्सने येथे टिप्पणी अशी फारशी केलेली नाही आणि ते योग्यच केले. दया सुचू नये इतके या मुलांना कोणी कोरडे केले, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. पण पडलेला तो पंगू मनुष्यही डोळ्यांपुढून हलत नाही. त्या अधिकाऱ्याला न्याय मिळाला काय, असे विचारता येईल. बहुधा नाही. रंगरुटाच्या जागेवरून एवढेच दिसत होते.

अक्सब्रिजहून नोव्हेंबरात त्याची रवानगी फार्नबरोच्या छायाचित्रण-शाळेत झाली. ज्याला कोणाच्या दृष्टीस पडायचे नव्हते तो छायाचित्रणाचे शिक्षण घेऊ लागला, हाही दैवाचा विनोदच. २७ डिसेंबर १९२२ रोजी ‘डेली एक्स्प्रेस’ने मोठ्या मथळ्याखाली बातमी छापली की, अरबस्तानचा बिनमुकुटाचा राजा साधा शिपाई होऊन राहिला आहे. छावणीच्या फाटकाशी बातमीदार जमले. एका शिपायासाठी वरिष्ठांची अशी पंचाईत होणे शिस्तीला परवडणारे नव्हते. जानेवारी १९२३ मध्ये रॉसला हवाई दलातून काढून टाकण्यात आले. गुन्हा कोणता, तर इतर लोक त्याच्याकडे पाहत होते. अवांछित लक्षाचा ज्याला त्रास होतो त्यालाच जागा सोडावी लागते, पाहणाऱ्याला नव्हे. हा न्याय केवळ इंग्लंडातला किंवा केवळ लष्करातला नाही, हे सभेतील भगिनींना विशेष सांगायला नको.

मार्च १९२३ मध्ये तो पुन्हा रंगरूट झाला. या खेपेस रणगाडा दलात, डॉर्सेटमधील बोव्हिंग्टन छावणीत, शॉ या नावाने. तेथे मन रमले नाही. हवाई दलात परत घ्यावे म्हणून त्याने इतक्या विनवण्या केल्या आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून जीव देण्याची भाषा इतकी उघड येऊ लागली की, जॉन बकनसारख्यांनी पंतप्रधान बाल्डविनपर्यंत शब्द टाकला. ऑगस्ट १९२५ मध्ये त्याला हवाई दलात परत प्रवेश मिळाला.

एक बाब या ठिकाणी टाळून चालणार नाही. बराकीतील शेजारच्या खाटेवरच्या पोराची शिफारस पंतप्रधानापाशी कोण करणार होते? लॉरेन्स अनामिक होता तो स्वेच्छेने. त्याच्या खिशात बर्नार्ड शॉची पत्रे असत आणि हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांच्याशी त्याचा थेट पत्रव्यवहार असे. भूक लागली म्हणून भरती झालेल्या मुलाला अनामिकपणा हा दागिना नसतो, ती त्याची जन्मजात स्थितीच असते. ‘द मिंट’ वाचताना हे अंतर वारंवार जाणवते. ते लॉरेन्सलाही जाणवत होते. आपण यांच्यात असूनही यांच्यातले नाही, ही त्याची खंत पुस्तकात ठिकठिकाणी डोकावते.

आणि याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. या नोंदी लिहिल्या कशा गेल्या? रात्रीचा शेवटचा बिगूल आणि दिवे मालवण्याची वेळ यांमधल्या थोडक्या अवधीत, पांघरुणात बसून. शेजाऱ्यांना वाटे की, गडी घरी पत्र लिहितो आहे. तो लिहीत होता ते त्यांच्याविषयी. त्यांच्या शिव्या, त्यांच्या बढाया, त्यांचे रडणे, रविवारी सुट्टीवरून परत आल्यावरची त्यांची बडबड. ज्याला स्वतःवर रोखलेली एकही नजर सोसत नव्हती, तो रोज रात्री शेजाऱ्यांवर नजर रोखून बसला होता आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. बातमीदाराने त्याच्याशी जे केले त्याहून हे कितपत निराळे? बातमीदाराने निदान दुसऱ्याच दिवशी छापून टाकले.

लॉरेन्सने या प्रश्नाला बगल दिली नाही. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याला १९२८ साली लिहिलेल्या पत्रात त्याने न छापण्याचे कारण सांगितले आहे. त्याचा आशय असा की, सोबतच्या शिपायांच्या बेसावध क्षणी आपण त्यांना उघडे पाडले असे त्यांना वाटेल आणि ती कल्पनाच असह्य आहे. ट्रेंचर्ड यांना पुस्तकाची भीती वाटत होती ती दलाच्या लौकिकापायी. त्यांना लॉरेन्सने शब्द दिला की १९५० पूर्वी हे छापले जाणार नाही. परंतु फॉर्स्टरला सांगितलेले कारण अधिक खोलवरचे आहे. वरिष्ठांच्या अब्रूपेक्षा खाटेशेजारच्या माणसाचा विश्वास त्याला मोठा वाटला.

तरीही त्याने ते कागद जाळले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आणि वाचकाला मनोमन वाटते की जाळले नाहीत हे बरे झाले. आपल्या इतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासनीस उघडून वाचीत आणि त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालात घालीत. घरच्या माणसांसाठी लिहिलेल्या मजकुरावर परक्याचा डोळा पडावा, यासारखे अवांछित लक्ष दुसरे कोणते? परंतु ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपले गेले आणि आज त्या शिपायांचे मन जे काही कळते ते प्रामुख्याने त्यांतूनच. मूळ पत्रे बहुतेक नष्ट झाली. प्रेमाने जपलेले गेले, संशयाने जपलेले उरले. ग्रंथालय चालविणाऱ्या मंडळींना या विसंगतीची ओळख असते. दप्तरात जे टिकते ते नेहमी चांगल्याच हेतूने टिकलेले असते असे नाही.

आता कराची. मार्च १९२७ मध्ये लॉरेन्सच्या अरबस्तानावरील मोठ्या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती ‘रिव्होल्ट इन द डेझर्ट’ बाजारात यावयाची होती. गाजावाजा होणार हे ठाऊक असल्याने त्याने अगोदरच परदेशी बदली मागून घेतली. १९२६ च्या डिसेंबरात ‘डर्बीशायर’ या सैनिकवाहू बोटीच्या कोंदट तळघरातून प्रवास करीत तो जानेवारी १९२७ मध्ये कराचीला उतरला. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. १९३६ मध्ये तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे ‘द मिंट’ची शुद्ध प्रत तयार झाली ती मुंबई इलाख्यातच, ज्या इलाख्यात बेळगाव जिल्हाही होता. ड्रिग रोड येथील विमान-डेपोत इंजिन-दुरुस्ती विभागात तो कारकुनी करी. शहरात तो क्वचितच जाई. शार्लट शॉ, म्हणजे बर्नार्ड शॉची पत्नी, हिच्याकडून पुस्तकांची व खाण्याच्या जिनसांची पार्सले येत. फावल्या वेळात जुन्या नोंदी काढून, कापून, जोडून त्याने पुस्तक बांधले आणि १९२८ साली साहित्य-सल्लागार एडवर्ड गार्नेट याच्याकडे धाडून दिले. हिंदुस्थानात राहून हिंदुस्थानाकडे त्याने जवळजवळ पाठच फिरविली होती, हे आपल्याला खटकते. सभोवारच्या जीवनावर त्याच्या लेखणीतून फारसे काही उतरले नाही. इतक्या चिकित्सक डोळ्यांना कराची दिसू नये, याचे नवल वाटते.

मे १९२८ मध्ये त्याला वझिरिस्तानातील मिरानशाह या छोट्या किल्ल्यावर धाडण्यात आले. अफगाण सरहद्द तेथून अगदी जवळ. काटेरी तारांच्या आत मूठभर हवाई सैनिक आणि काही शे स्थानिक स्काउट. तारांच्या बाहेर जाण्याची मुभा नाही. लपण्यासाठी याहून चांगली जागा पृथ्वीच्या पाठीवर नसावी. लॉरेन्स टंकलेखन करी आणि होमरच्या ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर करीत बसे. पण नोव्हेंबरात अफगाणिस्तानात अमानुल्ला बादशहाविरुद्ध बंड उसळले आणि डिसेंबरात विलायतेतील वृत्तपत्रांनी ठोकून दिले की, त्यामागे वेषांतर करून हिंडणारा लॉरेन्स आहे. तो फकीर होऊन हिंडतो अशी अफवा पसरली आणि लाहोरात एका फकिराला लॉरेन्स समजून जमावाने मारहाण केल्याच्या बातम्या आल्या. मिरानशाहच्या खोलीत टंकयंत्रापुढे बसलेल्या माणसावर रोखलेली नजर शेकडो मैलांवरच्या, त्याचे नावही ज्याच्याशी जोडलेले नाही अशा एका गरिबाच्या पाठीवर येऊन आदळली. वृत्तपत्रांच्या करामतींचे वर्णन करताना चरित्रकार हा प्रसंग एका वाक्यात उरकतात. वास्तविक त्याच्याइतका दाहक प्रसंग या साऱ्या कथेत दुसरा नाही.

जानेवारी १९२९ मध्ये त्याला विमानाने सरहद्दीवरून हलविण्यात आले आणि मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ बोटीने विलायतेस रवाना करण्यात आले. प्लिमथला बातमीदारांना चुकविण्यासाठी त्याला बंदरापूर्वीच लहान नौकेत उतरवून घेतले. छायाचित्रे तरीही निघालीच. मग पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले की, हा मनुष्य खोट्या नावाने सैन्यात काय करतो? विचारणारे मजूर पक्षाचे सभासद अर्नेस्ट थर्टल. लॉरेन्स त्यांना स्वतः जाऊन भेटला, दोघांची मैत्री जमली आणि युद्धात भित्रेपणाबद्दल शिपायास देण्यात येणारी देहान्त शिक्षा रद्द व्हावी या थर्टल यांच्या चळवळीला त्याने पाठिंबा दिला. १९३० साली ती शिक्षा रद्द झाली. रंगरुटांबरोबर काढलेली वर्षे कोठे तरी उपयोगी पडली ती येथे.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी तो हवाई दलातून निवृत्त झाला आणि बोव्हिंग्टनजवळच्या ‘क्लाउड्स हिल’ या आपल्या झोपडीवजा घरी राहावयास गेला. बातमीदार तेथेही पोचले. त्याने बाहेर यावे म्हणून त्यांनी छपरावर खडे मारले. तो वृत्तसंस्थांकडे गेला आणि मला आता सोडा अशी विनंती करून आला. १३ मे रोजी मोटारसायकलवरून परतताना सायकलीवरच्या दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात त्याला अपघात झाला, आणि १९ मे रोजी बोव्हिंग्टन छावणीच्याच इस्पितळात, जेथे तो बारा वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा रंगरूट म्हणून आला होता, तो मरण पावला.

‘द मिंट’ची पुढची कथा गमतीची आहे. कोणी चोरून छापू नये व हक्क शाबूत राहावा म्हणून १९३६ साली अमेरिकेत पन्नास प्रती छापण्यात आल्या. त्यांपैकी दहा विक्रीस ठेवल्या आणि किंमत ठरविली प्रत्येकी पाच लाख डॉलर. हेतू उघडच होता की, कोणी विकत घेऊ नये. वर्गणी थकविणारे सभासद सर्वत्र असतात, पण पुस्तक वाचले जाऊ नये म्हणून इतकी किंमत लावणारा प्रकाशक विरळा. इंग्लंडात ते १९५५ साली निघाले. दोन हजार प्रतींच्या मर्यादित आवृत्तीत शब्द जसेच्या तसे होते, सर्वसामान्य वाचकासाठी काढलेल्या आवृत्तीत शिव्यांच्या जागी कोऱ्या जागा. त्या जागा भरून पुस्तक सर्वांना खुले झाले १९७३ मध्ये. अक्सब्रिजची छावणीही २०१० साली बंद झाली.

पुस्तकाचा शेवटचा भाग १९२५-२६ मधील क्रॅनवेलच्या कॅडेट कॉलेजातला आहे आणि त्याचा सूर पहिल्या दोन भागांहून निराळा लागतो. येथे काम विमानांचे आहे, नजर ठेवणारे कमी आहेत. एका प्रकरणात तो आपल्या मोटारसायकलवरून उघड्या रस्त्यावर विमानाशी शर्यत लावतो, आणि परतताना बराकीतल्या मंडळींसाठी खाण्याचे जिन्नस घेऊन येतो. टीकाकारांना हा भाग तुटक आणि अपुरा वाटतो. लेखकालाही तसेच वाटत होते. सुख लिहिता येत नाही अशी त्याची तक्रार होती. पण अक्सब्रिजच्या पानांची धग सोसून येथवर आलेल्या वाचकाला या पानांची किंमत कळते.

अगदी शेवटच्या प्रकरणात काहीच घडत नाही. एक विमान परत यावयाचे आहे. ते येईपर्यंत त्याची वाट पाहणे एवढेच काम. विमानघराच्या पुढे उन्हाने तापलेल्या गवतावर काही शिपाई पडून राहिले आहेत. गणवेशाच्या गुंड्या सैल केल्या आहेत, कोणी डोळ्यांवर टोपी ओढली आहे. अधिकारी कोणी जवळपास नाही. या मंडळींत एक थोड्या जास्त वयाचा, बुटकासा माणूस आहे आणि त्याच्याकडे कोणीही पाहत नाही.